साहेबांचं छत

मिस्त्रींच्या घरात साहेब म्हणजे एक मासा. हातभर लांब, चांदीच्या पत्र्यासारखा, हनुवटीला दोन मिशा. चाल अशी, की ऑफिसात सगळ्यात उशिरा येऊन सगळ्यांच्या टेबलांवर नजर टाकणारा कोणी वरिष्ठच. बाहेरच्या खोलीत भिंतीलगत सहा फुटांची काचेची टाकी आणि तिच्यात हा एकटा. सोबत म्हणून दुसरा मासा सोडला की साहेब दुपारपर्यंत त्याचा निकाल लावत. 'साहेब' हे नाव मुलानं ठेवलेलं. मासा मुलाचा, टाकी मुलाची, आणि मुलाला घर सोडून झाली तीन वर्षं.

मुलगा का गेला, असं मिस्त्रींना विचारलं तर ते म्हणत, "त्यालाच विचारा." म्हणजे बघा! अहो, माहीत सगळ्यांना होतं. मिस्त्रींचा कारखाना होता, दारं-खिडक्या, कपाटं, टेबलं. मुलगा दोन वर्षं तिथं राबला. हात वाईट नव्हता त्याचा, जरा सावकाश होता इतकंच. त्यानं पहिल्यांदा स्वतःच्या मनानं एक टेबल केलं, एका गिऱ्हाइकासाठी. गिऱ्हाईक समोर उभं, चार कामगार उभे, आणि मिस्त्रींनी काय करावं? पटाशी घेतली, सांध्यात घातली, मनगट एकदा फिरवलं आणि टेबलाचा पाय काढून मुलाच्या हातात दिला. वर म्हणाले, "हा सांधा? माझी कवळी याच्याहून घट्ट बसते." सगळे खो खो हसले. मुलगाही हसला. चौथ्या दिवशी एक बॅग भरून तो दुसऱ्या शहरात गेला, आणि त्यानंतर बापाशी एक शब्द बोलला नाही. बापही बोलला नाही. सुंभ जळेल, पीळ जळायचा नाही, असे एकाच घरात दोघं.

मासा काही बॅगेत भरता येत नाही. तो आईकडे राहिला.

दर रविवारी सकाळी अकराला मुलाचा फोन येई, चेहरा दिसणारा. पहिलं वाक्य ठरलेलं, "आई, आधी साहेबांना दाखव." मग आई फोन टाकीसमोर धरायची. साहेब इकडून तिकडे जायचे, तिकडून इकडे यायचे. पलीकडून मुलगा म्हणायचा, "अंगानं भरलेत की. खातात ना नीट?" मग हळूहळू गाडी माणसांवर यायची, की तू खातोस का नीट, खोली कशी आहे, दाढदुखी थांबली का. तेवढी वीस मिनिटं मिस्त्री स्वयंपाकघरात पेपर उघडून बसत. पान एकच, बातमी तीच. कान मात्र बाहेर. मुलानं खोली बदलली, दाढ भरून घेतली, चौथ्या मजल्यावर पाणी चढत नाही, हे सगळं त्यांना त्या दाराच्या फटीतून कळलेलं.

एकदा जेवताना मिस्त्रींच्या तोंडातून निघून गेलं, "खोकला कसा आहे आता?"

"कोणाचा?" बायकोनं विचारलं.

"कोणाचा म्हणजे? साथ आहे म्हणतात सगळीकडे."

तिनं ताटात भाजी वाढली. बत्तीस वर्षांच्या संसारात तिला या माणसाचं सगळं बोलणं उलटं करून ऐकायची सवय झाली होती.

तर गोष्ट अशी, की साहेबांची जात उड्या मारणारी. लहान होते तोवर वरच्या काचेच्या पट्ट्या पुरत होत्या. आता अंगात ताकद आली. एका धडकेत पट्टी बाजूला. पहिल्यांदा बायको खोलीतच होती, ओल्या टॉवेलात धरून तिनं त्याला परत टाकीत सोडलं. दुसऱ्यांदा ती बाजारातून आली तर टाकी रिकामी. साहेब सोफ्यामागे फरशीवर पडलेले, अंगाला धूळ चिकटलेली, कल्ले कसेबसे हलताहेत. पाण्यात सोडल्यावर अर्धा तास तिनं त्याला दोन्ही हातांनी उभं धरून ठेवलं. हात कोपरापर्यंत भिजलेले, पदर ओला. मिस्त्री घरी आले तेव्हा ती तशीच उभी होती आणि रडत होती.

"अगं, मासा आहे तो."

"मासा नाही हो!" ती एकदम ओरडली. "त्याला माझ्याशी बोलायला निमित्त लागतं आणि ते निमित्त हे आहे. हा गेला की रविवारचा फोन गेला. तुम्हाला कळतंय का? पोरगा गेला माझा मग."

मिस्त्रींना कळलं. तेवढं कळण्याइतके ते दगड नव्हते. चपला न काढता त्यांनी खिशातली टेप बाहेर काढली आणि टाकीची लांबी घेतली.

माप घेताना साहेब काचेला येऊन थांबले. "सरळ उभे राहा साहेब," मिस्त्री म्हणाले, "टोपीचं माप घेतोय." बायकोला रडता रडता हसू आलं. मग ती म्हणाली, "शाळेत होता तेव्हा मागत होता असं झाकण. तेव्हा म्हणालात, माशाला कसली टोपी. आता बैल गेला नि झोपा केला."

"बैल गेला असेल. मासा आहे ना अजून?" मिस्त्री म्हणाले.

दुसऱ्या दिवशी ते फिशटँकच्या दुकानात गेले. दुकानदाराला सगळे बुडबुडे म्हणत, कारण त्याचं बोलणंही तसंच, एकामागून एक, न थांबणारं. बुडबुडेनं कागदावर काढून दाखवलं. टाकीवर बसेल अशी बिनतळाची लांब पेटी, छतच म्हणा, उंची नऊ इंच, आत दिवे, पुढे वर उचलायचं दार, म्हणजे खाणं घालता येतं. मागे हवेला भोकं. "वजन काचेवर यायला नको, मिस्त्री, कडेच्या चौकटीवर घ्या. आणि लाकडाच्या बाबतीत एक सांगतो..."

"लाकडाचं मला सांगतोस?" मिस्त्री म्हणाले. "तू मासे सांभाळ." आणि कागद घडी करून खिशात टाकला.

कारखान्यात आता एकच बाक चालू होता. बाकीच्यांवर धूळ. गुडघे गेल्यापासून मिस्त्री मोठी कामं घेत नव्हते. पण दहा वर्षं जपून ठेवलेल्या दोन सागवानी फळ्या होत्या, एक गाठ नाही, एक चीर नाही. कित्येक गिऱ्हाइकांनी मागितल्या, त्यांनी दिल्या नव्हत्या. त्या काढल्या. रंधा मारल्यावर आतून असा सोनेरी रंग आला की त्यांनी हात फिरवत बसून राहावं.

टाकी पाण्यानं भरली की पुढची काच मधोमध जराशी बाहेर येते. कोणाला दिसत नाही. मिस्त्रींना दिसली. दोन्ही टोकांपेक्षा मध्ये दोन सूत, म्हणजे पाव इंच जास्त. तर त्यांनी पुढची फळी आतून तेवढीच खरवडली, म्हणजे छत काचेला कुठे दाबणार नाही आणि कुठे उघडं पडणार नाही. कोपऱ्यांना एकही खिळा मारला नाही. खाचेत खाच अडकवली, अशी की कागद आत जाणार नाही. आठ दिवस ते सकाळी सातला जात आणि दुपारी जेवायलाही उशिरा येत. बायको डबा घेऊन गेली तर हा माणूस शीळ घालतोय! तीन वर्षांत पहिल्यांदा. ती दारातच थांबून ऐकत राहिली, मग मुद्दाम पाय आपटत आत गेली.

"झालं का?"

"होईल. रविवारच्या आत बसवतो."

"घाई कशाला? सावकाश होऊ दे."

"रविवारच्या आत," मिस्त्री म्हणाले.

कारण उघड होतं, फक्त ते बोलणार नव्हते. रविवारी फोन टाकीसमोर धरला जाणार. मासा दिसणार, आणि माशाच्या वर हे दिसणार. मुलाला लाकडातलं कळत होतं. दोन वर्षं राबला होता तो. कोपरा बघितला की त्याला समजेल कोणी केलंय आणि कसं केलंय. तोंडानं माफी मागायची म्हटलं तर मिस्त्रींची जीभ टाळूला चिकटायची. हात काय तो चालायचा. तेव्हा जे सांगायचं ते हातानं सांगायचं, असं त्यांनी मनाशी ठरवून टाकलं होतं.

पॉलिशचे तीन हात बाहेरून दिले आणि तीन आतून. दिसणाऱ्या बाजूला कोणीही पॉलिश करतं, न दिसणारी बाजू बघून कारागीर ओळखावा, असं ते कामगारांना सांगत. इथं तर आत कायमची ओल, म्हणून शेवटचा हात आतून जरा जाडच दिला, गुरुवारी. आणखी एक गोष्ट केली. टाकीच्या पाण्यात हवा सोडणारा छोटा पंप मागच्या खिळ्याला लटकत घरघरत असायचा. मिस्त्रींना ते लोंबकळणं डोळ्यांत खुपायचं. त्यांनी छताच्या आतच एका कोपऱ्यात पंपासाठी इवलीशी फळी केली, खाली लोकरीचा तुकडा लावला. आवाज निम्मा. बाहेर एक वायरसुद्धा दिसत नाही.

शुक्रवारी संध्याकाळी त्यांनी आतल्या बाजूला बोट दाबलं. ठसा उमटला नाही, बोटाला चिकटलं नाही. वाळलं. शेजारच्या दोघांना बोलावून छत टाकीवर चढवलं. टोपी डोक्यावर बसावी तसं बसलं. दिवे लागले. पाणी हिरवंगार झालं आणि साहेब त्याच्यातून असे निघाले की बघत राहावं.

बायको जवळ आली आणि थबकली. "वास येतोय हो."

"कसला?"

"तुमच्या त्या पॉलिशचा. उग्र आहे."

मिस्त्रींनी दार उचलून आत नाक घातलं. काही नाही. लाकूड, पाणी, बस. चाळीस वर्षं थिनर आणि लॅकरमध्ये काढलेलं नाक ते. गॅसवर दूध उतू जाऊन करपलं तरी या माणसाला शेजारणीनं येऊन सांगावं लागायचं. पण तेव्हा ते आठवलं नाही. "वाळलंय ते," ते म्हणाले. "तुला आपलं कशातही काहीतरी दिसतं."

"दोन दिवस गच्चीवर ठेवू या का? पुढच्या रविवारी..."

"परवाच रविवार आहे," मिस्त्री म्हणाले आणि दार खाली केलं.

काय सांगावं! अंगातलं सगळं चांगुलपण माणूस एकदाच काढतो, आणि तेही नेमकं असं.

शनिवारी सकाळी बायकोनं खाणं घालायला छताचं दार उचललं. बिजागरी इतकी सुरेख बसलेली की आवाजही झाला नाही. साहेब पाण्याच्या वरच्या थराशी आडवे तरंगत होते, एक डोळा वर, तोंड उघडंबंद होतंय.

बुडबुडे धावत आला. त्यानं छतात डोकं घातलं आणि झटक्यात मागे ओढलं. डोळ्यांतून पाणी. "मिस्त्री! तुम्हाला हा वास येत नाही?"

मिस्त्रींनी पुन्हा आत नाक घातलं.

"पंप आत ठेवलात? अहो, पंप आजूबाजूची हवा ओढतो आणि पाण्यात सोडतो. रात्रभर त्यानं थिनरची वाफ पाण्यात घातलीय. हाताला वाळलं म्हणजे वाळलं नसतं, महिना लागतो वास जायला. तेच सांगत होतो मी त्या दिवशी. आतून काही लावू नका म्हणून." बोलता बोलता त्याला मिस्त्रींचा चेहरा दिसला आणि आयुष्यात पहिल्यांदा तो वाक्य अर्धवट सोडून गप्प बसला.

छत खाली उतरवलं. तिघांनी बादल्या भरभरून पाणी बदललं, नवा पंप लावला, खिडक्या उघडल्या. मिस्त्री त्या गुडघ्यांनी बाथरूमपासून टाकीपर्यंत बादल्या वाहत होते, "थांबा, मी घेतो" म्हटलं तरी देत नव्हते. बायकोनं पुन्हा साहेबांना दोन्ही हातांत उभं धरलं. बारापर्यंत कल्ले हलत होते. साडेबाराला ती म्हणाली, "सोडू का?" मिस्त्रींनी हातातली बादली खाली ठेवली. तिनं हात काढले आणि मासा आडवा झाला.

करायला गेलो काय आणि उलटे झाले पाय, असं दुसऱ्या कोणाचं झालं असतं तर मिस्त्रींनीच हसून म्हटलं असतं.

बुडबुडे जाताना दारात कुजबुजला, "वहिनी, तसाच एक आहे माझ्याकडे. एक बोट लहान असेल. आज सोडून देतो. फोनवर कोणाला कळतंय?"

बायकोनं मिस्त्रींकडे बघितलं. तिच्या डोळ्यांत ते होतं, हो म्हणा, एकदा तरी हो म्हणा.

"त्याला कळेल," मिस्त्री म्हणाले.

"मग सांगणार कोण? मी नाही सांगणार हो. माझ्या तोंडून नाही निघायचं."

"मी सांगतो."

ती चिडली नाही. शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. तिनं जेवण वाढलं, भांडी घासली, खोलीभर सांडलेलं पाणी पुसलं. मिस्त्रींनी कारखान्याच्या मागे खड्डा खणून मासा पुरला.

रविवारी अकराला फोन वाजला. मिस्त्री स्वयंपाकघरात गेले नाहीत, सोफ्यावर बसले होते, धुतलेला सदरा घालून. बायकोनं फोन उचलला.

"आई, आधी साहेबांना दाखव."

तिनं काही न बोलता फोन मिस्त्रींच्या हातात दिला. त्यांना धरता येईना, मुलाला आधी खोलीचं छत दिसलं असेल, मग पंखा, मग बापाचं कपाळ. मिस्त्रींना मुलगा दिसला. वाळला होता. कानाजवळ पांढरा केस आलेला, या वयात. हे काही दाराच्या फटीतून ऐकू आलं नव्हतं.

"मी आहे," ते म्हणाले.

पलीकडे मुलानं फोन बंद केला नाही. 

"मासा मेला. काल. मी मारला." आणि मग त्यांनी सगळं सांगितलं. उड्या, छत, आतून दिलेला जाड हात, पंपाची फळी, वास आल्याचं आईनं सांगितलेलं, आपण न ऐकलेलं. एकही गोष्ट त्यांनी स्वतःच्या बाजूनं वळवली नाही. एवढं सलग ते आयुष्यात कधी बोलले नव्हते. सगळं सांगून झालं तेव्हा थांबले.

"छत दाखवा," मुलगा म्हणाला.

छत भिंतीला टेकवून ठेवलं होतं. मिस्त्रींनी फोन त्याच्यावरून फिरवला, कडेवरून, कोपऱ्यावरून.

"छान झालंय," मुलगा म्हणाला.

त्या आवाजात राग शोधला मिस्त्रींनी. कुठेच नव्हता. एखाद्या दुकानातलं कपाट बघून म्हणावं तसं म्हणाला तो.

"शिव्या दे," मिस्त्री म्हणाले. "अरे, दे की. तुझा हक्क आहे. त्या टेबलाबद्दल पण दे. मी चुकलो तेव्हा. चारचौघांत तुझं काम मोडलं, चुकलो मी."

मुलानं फोन समोर नीट उभा केला. मग म्हणाला, "बाबा, खरं सांगू? पहिलं दीड वर्ष मी मासा बघायला फोन करतच नव्हतो. तुम्ही आत बसून ऐकता, हे मला माहीत होतं. पेपर उघडल्याचा आवाज यायचा, पान उलटल्याचा कधी नाही. मला वाटायचं, आज येतील मध्ये. काहीतरी बोलतील. शिव्या तरी घालतील. म्हणून मी आईला म्हणायचो, अजून जरा वेळ दाखव साहेबांना."

मिस्त्रींनी फोन दोन्ही हातांनी धरला.

"मग एका रविवारी लक्षात आलं की आपण वाट बघायची सोडली. कधी सोडली तेही आठवेना. त्यानंतर खरंच मासाच बघत होतो." त्याचा आवाज अगदी मवाळ होता. "आता तुम्ही हे सगळं बोललात, आणि माझ्या पोटात काही हलत नाही, बाबा. हलायला हवं होतं. मी बघतोय हलतंय का."

"हलेल," मिस्त्री म्हणाले. "वेळ दे. मी आता रोज..."

"आईला द्या," मुलगा म्हणाला.

आई दोन मिनिटं बोलली. हो. हो रे. जेवत जा. मला काही होत नाही. तुझं तू बघ. मग फोन ठेवून तिनं तो चार्जिंगला लावला, आणि नुसत्या पाण्याच्या टाकीत नवा पंप चालूच होता, तो बंद केला.

पुढच्या रविवारी अकराला फोन वाजला नाही. साडेअकरालाही नाही. बारा वाजता मिस्त्री म्हणाले, "आपण करू या का?" त्यांना मुलाचा नंबर पाठ नव्हता, तो कुठे लिहून ठेवलाय हेही माहीत नव्हतं. बायकोनं लावून दिला. बराच वेळ वाजला आणि आपोआप बंद झाला.

"पुन्हा लावू?" मिस्त्रींनी विचारलं.

"लावा," ती म्हणाली. कुठलं बटण, तेही तिनं दाखवलं.

त्यांनी लावला. तोही पूर्ण वाजला.